संत गोन्सालो गार्सिया: वसईचा दुभाषा, नागासाकीचा रक्तसाक्षी

दर्यावर्दी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकी बंदराशेजारी, निशिझाका नावाच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आलं. त्यांतले वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा. त्या वसईकराचं नाव गोन्सालो गार्सिया. वय चाळिशीच्या आसपास.

'भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत' एवढी एका ओळीची ओळख बहुतेकांना असते. वसईतल्या कॉलेजला त्याचं नाव आहे, नालासोपाऱ्याजवळ गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. पण हा माणूस आयुष्यभर नेमकं काय करत होता, हे विचारलं की उत्तर येत नाही. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. पहिला असणं हा योगायोग असू शकतो. त्याने जे काम केलं ते मात्र योगायोगाने होणारं नव्हतं.

जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई वसईची. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. गोन्सालो किल्ल्यात जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूंकडे शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. गोव्याहून मलाक्का, तिथून मकाव आणि मग जपान असा तो जलमार्ग. वाऱ्याची वाट पाहत बंदराबंदरांत महिनोन्‌महिने थांबावं लागे.

जपानमध्ये तो सुमारे आठ वर्षं धर्मशिक्षक म्हणून राहिला. याच काळात तो जपानी बोलायला शिकला, आणि कामापुरतंच नाही तर लोकांत मिसळून शिकला. युरोपातून आलेल्या कित्येक धर्मगुरूंना हे आयुष्यभर जमलं नाही. त्याची इच्छा जेझुइट संघात प्रवेश मिळवण्याची होती, पण तो मिळाला नाही. मग तो व्यापारात उतरला. मकाव आणि जपानमध्ये त्याचा व्यापार चांगला चालला आणि हाती पैसा आला. तरीही तो सगळा गाशा गुंडाळून मनिलाला गेला आणि १५८७-८८ च्या सुमाराला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ब्रदर झाला. धर्मगुरू नाही, साधा ब्रदर. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करण्याचा अधिकार त्याला कधीच मिळाला नाही, आणि त्याने तो मागितल्याचंही कुठे वाचनात आलं नाही.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीकडे वकिलात, म्हणजे राजदूतांचं शिष्टमंडळ, पाठवली. प्रमुख होते फादर पेद्रो बाउतिस्ता. सोबत आणखी तीन फ्रान्सिस्कन, आणि त्या तिघांत दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो. हिदेयोशीने त्याआधीच मनिलाला पत्र धाडून फिलिपिन्सने आपलं मांडलिकत्व पत्करावं अशी मागणी केली होती. त्या वेळी तो कोरियावर स्वारी करून बसला होता, चीन जिंकण्याचे बेत करत होता. अशा माणसापुढे, क्युशूतल्या नागोया किल्ल्यातल्या दरबारात, 'आम्ही शरण आलेलो नाही, मैत्रीसाठी आलो आहोत' हे सांगायचं होतं. प्रमुख वकिलाला जपानी येत नव्हतं. वाक्य स्पॅनिशमध्ये तयार होत होतं आणि हिदेयोशीच्या कानावर पडत होतं ते वसईच्या माणसाच्या तोंडून. एक शब्द चुकीचा पडला असता तर चौघांचीही मुंडकी जाग्यावर उडाली असती.

तसं झालं नाही. त्यांना क्योटोत राहण्याची परवानगी मिळाली. तिथे त्यांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं काढली. हिदेयोशीच्या राजधानीत, ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या जखमा धुण्याचं काम हे लोक करत होते. इथेही रुग्णांशी बोलायला सगळ्यांत उपयोगी पडणारा माणूस कोण, ते सांगायला नकोच.

मृत्यूबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, इथेच फार लांबलं.


केवडा

खूप दिवसांनी इतकं सविस्तर वाचलं. जेझुइटांनी त्याला संघात का घेतलं नाही, काही कारण मिळतं का? आठ वर्षं काम करून घ्यायचं आणि प्रवेश द्यायचा नाही, हे वाचून वाईट वाटलं.


दर्यावर्दी

केवडा, ठोस कारण दाखवता येईल असा कागद माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे अंदाज करत नाही. पण संघाने नाकारलं म्हणून त्याने श्रद्धा सोडली नाही किंवा कडवटपणा धरला नाही, हे त्याच्या पुढच्या आयुष्यावरून दिसतंच. मला तो भाग फार मोठा वाटतो.

आता मृत्यूबद्दल. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोला जाताना वादळात सापडलं आणि जपानच्या शिकोकू बेटावर तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागून फुटलं. त्यावरचा प्रचंड माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. त्यानंतर डिसेंबरात फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले. जानेवारीच्या सुरुवातीला क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली गेली. मूळ हुकूम नाक-कान दोन्ही कापण्याचा होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो सौम्य केला. मग गाड्यांत बसवून क्योटो, ओसाका, साकाई या शहरांतून धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात पश्चिमेकडे नागासाकीच्या दिशेने चालवत नेलं. हा प्रवास जवळपास महिनाभर चालला. नागासाकीच का? कारण जपानमधले सगळ्यांत जास्त ख्रिस्ती तिथे होते. दहशत त्यांना दाखवायची होती.

निघताना कैदी २४ होते. वाटेत त्यांची सेवा करायला दोन जपानी ख्रिस्ती मागे मागे चालत होते, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को किची. शिपायांनी त्यांनाही पकडून यादीत घातलं. त्यांना पळून जाता आलं असतं.

जपानी पद्धतीच्या क्रुसावर खिळे ठोकत नसत. हातपाय आणि मान लोखंडी कड्यांनी जखडत, मध्ये टेकायला एक खुंटी असे, आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसत. परंपरेने आलेली हकिगत अशी की टेकडीवर पोचताच गोन्सालोने एका क्रुसाकडे बोट करून विचारलं, हा माझा का? नाही म्हटल्यावर त्याला दुसऱ्याकडे नेलं. तिथे तो गुडघे टेकून बसला आणि त्याने क्रुसाला मिठी मारली.


जुनी_बखर

उत्तम माहिती. पण एक प्रश्न आदराने विचारतो. हे धर्मासाठी झालेलं बलिदान म्हणायचं की राजकारणात सापडलेली माणसं? सान फेलिपेच्या खलाशाबद्दल अशी गोष्ट सांगितली जाते की त्याने जपानी अधिकाऱ्यांना नकाशा दाखवून सांगितलं, आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मग सैन्य. हे खरं असो वा नसो, पण दक्षिण अमेरिका आणि फिलिपिन्समध्ये जे झालं होतं ते जपान्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्याकडेही वसई-गोव्यात पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली, गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चाललं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. हिदेयोशी क्रूर होताच, पण त्याची शंका अगदीच निराधार होती का?

शिवाय पैशाचं कारण उघड दिसतं. सप्टेंबर १५९६ मध्ये मोठा भूकंप होऊन त्याचा फुशिमीचा किल्ला ढासळला. कोरियाच्या लढाईचा खर्च वर होताच. अशा वेळी मालाने भरलेलं गलबत दारात येऊन फुटलं. माल पचवायचा तर मालकाला शत्रू ठरवावं लागतं.


दर्यावर्दी

जुनी_बखर, तुमची शंका मला योग्य वाटते आणि तिला बगल द्यायची नाही. राजकारण होतंच. हिदेयोशीने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम १५८७ मध्येच काढला होता, फक्त तो कडक राबवला नव्हता. कैद्यांच्या पुढे शिक्षेचा जो फलक चालवला त्यात दोन्ही गोष्टी होत्या: हे लोक वकील म्हणवून फिलिपिन्सहून आले आणि राहून गेले, आणि मी मनाई केलेला धर्म त्यांनी शिकवला. म्हणजे मारणाऱ्याच्या मनात दोन्ही मिसळलेलं होतं.

पण मरणाऱ्याच्या मनात काय होतं हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर त्या वीस जपान्यांकडे पाहिलं की मिळतं. त्यांचा स्पेनच्या राजाशी काय संबंध? त्यांत सुतार होता, आचारी होता, औषधं देणारा होता. सगळ्यांत लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा. देहदंडाचा अंमल करणारा अधिकारी तेराझावा हानझाबुरो याने त्याला सांगितलं, धर्म सोड, तुला सोडवतो. मुलाने नकार दिला. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेत मिहारा इथे आईला निरोपाचं पत्र लिहिलं. ते त्याच्या वडिलांजवळ सापडलं, कारण वडीलही त्याच सव्विसांत होते. त्या मुलाला साम्राज्याचा हस्तक म्हणता येणार नाही.

गोन्सालोचंही तेच. तो पोर्तुगीज मुलखातला, नागासाकीचा व्यापार पोर्तुगीजांच्या हाती, आणि या प्रकरणात रोख मनिलाहून आलेल्या फ्रान्सिस्कनांवर होता. जपानमधल्या बहुतेक जेझुइटांना हात लागला नाही. भाषा जाणणारा, जुन्या ओळखी असलेला माजी व्यापारी होता तो. सव्विसांतल्या परदेश्यांमध्ये सुटकेची वाट शोधण्याची सगळ्यांत जास्त शक्यता कोणाला असेल तर त्याला होती. तो राहिला.


पाणजू_बेट

मी वसईची, कॅथलिक. जुनी_बखर यांनी पोर्तुगीज राजवटीबद्दल जे लिहिलं ते आम्हीही नाकारत नाही. आमच्या घरांत मराठी आणि बोली बोलली जाते, मिस्सा मराठीत होते, आणि चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतरही ही श्रद्धा इथे टिकली. तिला टिकवायला तेव्हा कोणाचंही सैन्य पाठीशी नव्हतं. म्हणूनच आम्हाला गोन्सालो पोर्तुगीजांचा संत वाटत नाही. त्याने आयुष्यात कोणावर राज्य केलं नाही, कोणाचं देऊळ पाडलं नाही. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला समजावलं आणि रोग्यांची सेवा केली.

'अर्धा पोर्तुगीज, मग भारतीय कसा' असंही कधीकधी ऐकू येतं. आई इथली, जन्म इथला, बालपण इथलं. संताचं गाव कोणतं हे ठरवायला याहून जास्त काय लागतं?

किल्ल्यात जेझुइटांच्या जुन्या चर्चची दर्शनी भिंत आजही उभी आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी सेबॅस्टियन दरवाज्यापाशीच थांबू नये, आत चालत जावं. फ्रान्सिस्कनांचं चर्चही किल्ल्यातच आहे. म्हणजे त्याच्या आयुष्यातले दोन्ही संघ लहानपणापासून त्याच्या डोळ्यांपुढे होते.


केवडा

पाणजू_बेट, हा शेवटचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. धन्यवाद.

या दोन संघांत जपानमध्ये भांडण होतं ना? नीट समजावेल का कोणी?


शिडाचे_जहाज

थोडक्यात सांगतो. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले तेव्हापासून जपान हे जेझुइटांचं, आणि पर्यायाने पोर्तुगीजांचं क्षेत्र. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी आज्ञापत्र काढून जपानचं मिशन जेझुइटांपुरतं राखून ठेवलं. फ्रान्सिस्कन आले ते स्पॅनिश मनिलाहून, वकील म्हणून. जेझुइट १५८७ च्या मनाईनंतर बेताने, आवाज न करता काम करत होते. फ्रान्सिस्कनांनी राजधानीत उघड चर्च बांधलं. यामुळे आपण सगळेच गोत्यात येऊ असं जेझुइटांना वाटे, आणि ती भीती अनाठायी नव्हती. फ्रान्सिस्कनांना उलट वाटे की गरिबांपर्यंत जायचं तर लपून कसं जाणार. घटनेनंतर दोन्हीकडून एकमेकांवर दोषारोप करणारं पुष्कळ लिखाण झालं.

तरी सव्विसांच्या यादीत दोन्ही संघ आहेत. ओसाकात पकडलेले तीन जपानी जेझुइट: पॉल मिकी, जॉन (सोआन) ऑफ गोतो आणि जेम्स किसाई. पॉल मिकी उत्तम वक्ता होता. त्याने क्रुसावरून शेवटचं प्रवचन दिलं, आणि त्यात आपल्याला मारणाऱ्यांना व हिदेयोशीला क्षमा केली.


जुनी_बखर

दर्यावर्दी, मारणाऱ्याचं मन आणि मरणाऱ्याचं मन हा भेद मला पटला. मुलांबद्दल वाचल्यावर तर बोलायला काही राहिलं नाही. पोर्तुगीज सत्तेबद्दलचं माझं मत तेच आहे, पण या माणसाला त्या हिशेबात धरणं अन्यायाचं होईल हे मान्य.

तो मेक्सिकोचा एक कोण?


दर्यावर्दी

फिलिप, म्हणजे फेलिपे दे हेसुस. त्याची कथा ऐकाच. जन्म मेक्सिको शहरातला. तरुणपणी मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन झाला. धर्मगुरूपदाची दीक्षा घ्यायला तो मेक्सिकोला परत निघाला होता, कारण त्या वेळी मनिलात दीक्षा द्यायला बिशप नव्हते. तो ज्या गलबतावर चढला तेच सान फेलिपे. घरी जायला निघालेला मुलगा जपानच्या किनाऱ्यावर येऊन पडला आणि क्योटोच्या मठात सापडून पकडला गेला. निशिझाकावर सगळ्यांत आधी प्राण गेला तो त्याचा. क्रुसावरचा आधार त्याच्या मापाचा नव्हता, त्यामुळे मानेभोवतीच्या कड्याने गळा आवळला जात होता. ते पाहून शिपायांनी त्याला आधी भोसकलं.

एक वसईचा, एक मेक्सिकोचा. दोघेही युरोपाबाहेर जन्मलेले, दोघांनाही धर्मगुरूपद मिळालं नव्हतं. आज फेलिपे मेक्सिको शहराचा आश्रयदाता संत आहे.


शिडाचे_जहाज

संतपदाचं लिहिलं नाहीत. १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सव्विसांना 'धन्य' (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं. म्हणजे मृत्यूनंतर फक्त तीस वर्षांनी. मग संतपद मात्र ८ जून १८६२ रोजी, पोप नववे पायस यांच्या हस्ते. मधे सव्वादोनशेहून जास्त वर्षं गेली.

त्या काळात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी होती. हिदेयोशी १५९८ मध्ये वारला, पण १६१४ मध्ये नवे सत्ताधीश तोकुगावा यांनी देशभर बंदी घातली आणि निशिझाकाच्या टेकडीवर पुढेही अनेकांना मारलं. १६२२ च्या एका दिवशी पन्नासहून जास्त. नंतर जपानने दारंच लावून घेतली. परदेशी मिशनरी परत येऊ लागले ते १८५० च्या दशकानंतर. संतपदाच्या घोषणेनंतर नागासाकीत ओउरा इथे फ्रेंच मिशनऱ्यांनी याच सव्वीस जणांना अर्पण केलेलं चर्च बांधलं. मार्च १८६५ मध्ये त्या चर्चमध्ये उराकामीहून काही गावकरी आले आणि फादर पेतिजाँ यांना म्हणाले की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. अडीचशे वर्षं, धर्मगुरूशिवाय, गुपचूप बाप्तिस्मा देत त्यांनी श्रद्धा जपली होती.


पाणजू_बेट

हे वाचून अंगावर काटा आला. अडीचशे वर्षं धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, तरी मुलांना बाप्तिस्मा मिळत राहिला. आणि ते बाहेर आले ते ज्या चर्चमध्ये, ते आमच्या गोन्सालोलाही अर्पण केलेलं. हे आमच्या धर्मग्रामात मुलांना सांगायला हवं. आम्ही सणाला नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतो, मिरवणूक काढतो, पण ही जोडणी कोणी सांगितली नव्हती.


केवडा

एक शंका. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा पहिल्या भारतीय संत असं २००८ मध्ये वर्तमानपत्रांत वाचलं होतं. मग पहिले कोण?


दर्यावर्दी

अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री-संत. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यानंतर २०१४ मध्ये चावरा कुरियाकोस आणि युफ्रेशिया, २०१५ मध्ये गोव्याचे जोसेफ वाझ, ज्यांनी श्रीलंकेत काम केलं. मे २०२२ मध्ये तामिळनाडूचे देवसहायम पिल्लै, तेही रक्तसाक्षी. त्रावणकोरच्या राज्यात १७५२ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. ते प्रापंचिकांतले, म्हणजे धर्मगुरू किंवा ब्रदर-सिस्टर नसलेल्यांतले, पहिले भारतीय संत. गोन्सालो या सगळ्यांच्या आधी, १८६२ मध्ये. म्हणजे पुढचं नाव यायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

देवसहायम यांच्यावर कोणी तमिळ जाणणाऱ्याने वेगळा धागा काढला तर वाचायला आवडेल.


जुनी_बखर

शेवटचा प्रश्न. मृत्यू ५ फेब्रुवारीचा, पण कॅलेंडरमध्ये या संतांचा दिवस ६ फेब्रुवारी दिसतो. असं का?


पाणजू_बेट

५ फेब्रुवारी हा संत अगाथाचा दिवस फार पूर्वीपासून ठरलेला आहे, म्हणून जागतिक कॅलेंडरमध्ये 'पॉल मिकी आणि सोबती' ६ तारखेला येतात. गोन्सालो त्या 'सोबती'मध्ये. जपानमध्ये मात्र ५ तारखेलाच पाळतात. नागासाकीला जाणार असाल तर त्या दिवशी निशिझाकावर जा. तिथे १९६२ पासून स्मारक आणि संग्रहालय आहे. सव्वीस जणांचे कांस्यपुतळे एका ओळीत उभे आहेत. त्यांत गोन्सालो कोणता ते तिथल्या लोकांना विचारा, सांगतील.